सिटाडेलचं दार

माझा थोरला भाऊ सहादेव दुसऱ्यांची जहाजं राखतो. आधी लष्करात होता, हवालदार होऊन घरी आला, आणि मग एका खासगी सुरक्षा कंपनीने त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला समुद्रावर पाठवलं. सोमालियाकडच्या पाण्यात चाचे असतात. ते छोट्या होड्यांतून येतात, शिड्या लावून मालवाहू जहाजावर चढतात आणि खलाशांना ओलीस धरून महिनोन्‌महिने घासाघीस करत बसतात. ते चढू नयेत म्हणून दादा आणि त्याचे तिघे साथीदार पहारा देतात. आमच्या शनिशिंगणापुरात हे सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, बंदूक कुठंय? बंदूक कंपनीची असते, ती घरी आणता येत नाही, असं सांगितलं की त्यांचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. बंदूक घरी न आणणारा माणूस त्यांच्या मते नागापूरच्या एमआयडीसीत गेटवर शिट्टी वाजवत असणार.

दादाला नेमकी त्याच शिट्टीची धास्ती होती. समुद्र त्याला आवडायचा. चाळिशीपर्यंत मुळा धरणापेक्षा मोठं पाणी न बघितलेल्या माणसाला एवढं काय आवडलं, ते त्यालाच ठाऊक. आणि आता ती नोकरी जाण्याची वेळ आली होती, कारण त्याने एक दार उघडलं होतं.

झालं ते असं. प्रत्येक जहाजात तळाशी एक पोलादी दाराची खोली ठरवलेली असते. तिला सिटाडेल म्हणतात. चाचे जवळ आले की भोंगा वाजतो, सगळे खलाशी त्या खोलीत जातात आणि दार आतून लावून घेतात. पहारेकऱ्यांतले तिघे वर राहतात आणि एक आत, दारापाशी. नियम एकच: वरून कॅप्टनचा निरोप आल्याशिवाय दार उघडायचं नाही. बाहेर कुणीही असो, कितीही आपटो. गेल्या फेरीत दोन होड्या आल्या आणि दारापाशी दादा होता. सगळे आत आले, दार लागलं, मोजणी झाली तर एक माणूस कमी. परवेझ नावाचा कोकणातला आचारी शीतगृहात मांस काढायला गेला होता, त्याला भोंगा ऐकूच आला नव्हता. बाहेर आल्यावर कळलं तसा तो धावत आला आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. दादाने उघडलं. परवेझ आत पडला, दार पुन्हा लागलं. वर साथीदारांनी पाण्यात गोळ्या झाडल्या आणि होड्या परत गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी जहाजाच्या कॅप्टनने वर कळवलं आणि कंपनीने दादाला घरी बसवून चौकशी लावली.

परवेझ फोन करून रडायचा. दादा त्याला सांगायचा, "रडू नको बाबा, आधीच तुझा रस्सा लई पातळ असतो."

आता, आमच्या घराला दार नाही. गावातल्या जुन्या रीतीप्रमाणे चौकट आहे, पडदा आहे आणि कुत्रं येऊ नये म्हणून आडवी लावायची एक फळी आहे. भाविक त्या चौकटीचे फोटो काढतात आणि पुढे माझ्या दुकानात येऊन तेल आणि रुईच्या माळा घेतात, म्हणून माझी काही तक्रार नाही. पण अशा घरात वाढलेल्या माणसाला दार वाजवणाऱ्याला ताटकळत ठेवायची सवय कुठून असणार? इथे कुणी काही वाजवतच नाही. बाहेरून हाक मारतात, आणि हाक संपायच्या आत माणूस चुलीपर्यंत पोचलेला असतो. लष्करात दारं होती, पण ती उघडायची की नाही हे ठरवायला वेगळी माणसं होती.

चौकशी मोबाईलवर व्हायची होती. मी आणि पूजा वहिनीने दादाकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं: साहेब, चूक झाली, पुन्हा उघडणार नाही. जेवताना म्हणायला लावलं, गुरांना पाणी पाजताना म्हणायला लावलं. दादा शहाण्या पोरासारखं म्हणायचा. आई, म्हणजे छबूबाई, हे ऐकून तोंड वाकडं करायची, पण बोलत नव्हती.

ठरल्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला. मोबाईल मी ज्वारीच्या डब्याला टेकवला. स्क्रीनवर कंपनीचे एक साहेब, लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन, आले आणि शेजारी टिपणं काढणाऱ्या एक मॅडम. दोघंही मराठी, तेवढं एक बरं.

"आधी दार लावून घ्या," साहेब म्हणाले. "ही चौकशी गोपनीय आहे."

"साहेब, दार न्हाई," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"घराला दार न्हाई."

मॅडमनी विचारलं, "मोडलंय का?"

"न्हाई मॅडम. कधी बसवलंच न्हाई."

"मग दुसऱ्या खोलीत जा."

"तिलाबी न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी हळूच दादाला म्हणालो की आपल्या टेम्पोत बसून बोल, त्याला दोन दारं आहेत. मग आठवलं, टेम्पो कांदा घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेला होता.

तेवढ्यात शेजारचे कारभारी तात्या आत आले. "सहादेवा, फवारणीचा पंप हाय का रं?" असं विचारत ते खाली बसले आणि मोबाईलमध्ये कोण आहे ते वाकून बघायला लागले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"शेजारी हायती."

"त्यांना बाहेर जायला सांगा."

तात्या मुकाट्याने बाहेर गेले आणि पडद्याआड उभे राहिले. पडद्याखाली त्यांच्या वहाणा दिसत होत्या. त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

साहेब दादाला बोलले, पण ओरडून नाही. म्हणाले, "हवालदार, चाचे काय करतात तुम्हाला माहीत आहे. आचाऱ्याच्या मानेला सुरा लावतात आणि त्यालाच दार वाजवायला लावतात. आतल्याने दया केली की संपलं. त्या दिवशी परवेझच्या मागे कुणी असतं तर? आत वीस माणसं होती."

साहेबांचं बरोबर होतं. मी दादाचा भाऊ असून सांगतो, शंभर टक्के बरोबर होतं.

"साहेब, चूक झाली, पुन्हा उघडणार नाही," दादा म्हणाला.

वहिनीने सुटकेचा निःश्वास सोडला. साहेबांनी मात्र मान हलवली. "हे पाठ केलेलं आहे. मला नको. उद्या तीच वेळ आली, बाहेर परवेझ आहे, तुमचं नाव घेऊन रडतोय. काय कराल?"

दादा मोबाईलकडे नुसता बघत राहिला. शेवटी मॅडमनी रेंज गेली का म्हणून विचारलं.

"उघडंल की!" आतून आई ओरडली. "मानूस बाहेर ऱ्हातो व्हय कुठं!"

"हे कोण?"

"आई हाय साहेब."

वहिनीने आईचा हात धरून तिला खाली बसवलं. मी दादाला खुणेनं सांगत होतो की बोल, नाही म्हण, एवढं एक वाक्य म्हण. गावात पुढाऱ्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे दिवसाकाठी खोटं बोलतात, त्यांचं काही बिघडत नाही.

"साहेब, खोटं बोलत न्हाई," दादा म्हणाला. "माझ्याच्यानं व्हनार न्हाई ते. मी उघडीन."

वहिनीची मान खाली गेली. मला तर समोर नागापूरचं गेटच दिसलं.

"मग मी तुम्हाला जहाजावर कसा पाठवू?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही वाईट वाटत असावं.

"तुमचं बरोबर हाय. मी आत असलो तर बाकीचे मरतील कवातरी. म्हनून म्हनतो, दार माझ्याकडं देऊ नका. दाराशी दुसरा मानूस ठेवा, ज्याला जमतं त्याला. मला कायम बाहेर ठेवा."

"बाहेर म्हणजे वर? डेकवर?"

"वर तर हायेच. पन भोंगा झाला की मी खाली येऊन बघीन कोन मागं ऱ्हायलंय. त्याला दारापत्तूर आनून आत ढकलीन. मग आतून लावून घ्या. मी बाहेरच ऱ्हाईन." दादाने क्षणभर विचार केला आणि पुढे म्हणाला, "आन मी दार वाजवनार न्हाई."

मॅडमचं लिहिणं थांबलं. साहेबांनी आपल्याकडचा आवाज बंद केला, दोघं आपसात बराच वेळ बोलले. मग साहेब म्हणाले, दादाला पुढच्या फेरीला घेतलंय, पण बाहेरच्या पहाऱ्यावर, कायमचा. तसं लिहून येईल. फोन ठेवण्याआधी ते सरळ बसले आणि म्हणाले, "जय हिंद, हवालदार."

पडदा सारून कारभारी तात्या आत आले आणि त्यांनी दादाला मिठीच मारली. आईने गुळाचा खडा आणला. नोकरी राहिली होती. ज्याच्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं होतं ते झालं होतं, आणि मला दादाच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटत होत्या. मला फार भीती वाटली. एवढी भीती तो पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हाही वाटली नव्हती.

पूजा वहिनीने गूळ घेतला नाही. सगळे बोलायचे थांबले तेव्हा ती दादाला म्हणाली, "तुमी वाजवलंच न्हाई, तर आत कळंल कसं तुमी बाहेर हाय म्हनून?"

"न्हाईच कळायचं," दादा म्हणाला. "म्हंजी उघडू का नको, हा इचार कुनाला करावा लागत न्हाई."