वरातीचा पिक्चर आणि चार वाजताचा फोन

मित्रांनो, पोटात चकती फिरत असली तरच ज्याला बरं वाटतं, असा मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. स्वस्थ बसणं मला जमत नाही, आणि ही खोड जन्मापासूनची आहे. कारखान्यात माझी जुळणी झाली, चार स्क्रू पिळले गेले आणि तपासणीसाठी एक चकती माझ्या पोटात घातली. पडद्यावर एक बाई दार उघडायला निघाली होती. ती दारापर्यंत पोचायच्या आतच तपासनिसानं चकती काढून घेतली आणि माझ्या पाठीवर 'पास' असा कागद चिकटवला. दाराबाहेर कोण उभं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून 'पुढे काय, पुढे काय' ही हुरहूर माझ्यात शिरली, ती शिरलीच.

मला नेरच्या सदाशिवरावांनी विकत घेतलं. सदाशिवराव एसटीत कंडक्टर. यवतमाळच्या दुकानातून त्यांनी मला आणलं ते कंडक्टरच्या सीटवर, मांडीवर धरून. वाटेत तिकिटं फाडताना मला शेजारच्या म्हातारबुवांच्या हवाली केलं, तेव्हा मी सारखा घाबरत होतो, कारण म्हातारबुवा डुलक्या घेत होते. पण पोचलो एकदाचा. सदाशिवरावांचा हुकूम फक्त गाडीत चालायचा. घरात सगळी सूत्रं त्यांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या हाती होती.

उन्हाळ्यात इंदुताईंकडे आळीतल्या बाया कुरड्या-पापड करायला जमायच्या आणि माझी चंगळ व्हायची. कोणाची पोरगी दहावीत नापास झाली, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाच्या घरी भांडण झालं, की इंदुताई तिचा हात धरून तिला आत आणायच्या.

"बस वं इथं. दोन तास रडाचं नाही. मंग घरी जाऊन रडजो," असं म्हणून त्या सिनेमा लावायच्या. लाटणी हातात तशीच राहायची आणि ती बाई डोळे पुसता पुसता हसायला लागायची. तेव्हा मला वाटे, सगळ्या नेरात माझ्याएवढं कामाचं यंत्र दुसरं नाही.

सदाशिवरावांना रिमोट कधीच उमगला नाही. त्यांनी आपली एसटीची रीत घरात आणली. स्टीलच्या ग्लासावर चमच्यानं दोनदा टण्‌टण् केलं, की सिनेमा सुरू करायचा. एकदाच टण् केलं, की थांबवायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे सोड. तीस वर्षं दोरी ओढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? नात वैष्णवी जरा मोठी झाली आणि घंटी ऐकून बटण दाबायचं काम तिच्याकडे आलं.

मग डिश आली, मोबाइल आले. मी आधी कपाटावर गेलो, तिथून भरतकामाच्या रुमालाखाली आणि शेवटी गव्हाच्या कोठीमागे. तिथली वर्षं कशी काढली, विचारू नका. अंधारात पडून मी मनातल्या मनात जुने सिनेमे चालवायचो आणि मध्येच अडायचो, कारण पुढचं आठवत नसे. रुसलोही होतो. पुन्हा कोणी बोलावलं तर मुळीच चालायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये मला वैष्णवीनं बाहेर काढलं, आणि त्या घराकडे पाहून माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

करोनाची दुसरी लाट होती. इंदुताईंना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं आणि त्या ऑक्सिजनवर होत्या. मुलगा नयन नोकरीपायी हैदराबादला अडकला होता. घरात सदाशिवराव, सून अपेक्षा आणि दहा वर्षांची वैष्णवी. तिघांनाही थोडी थोडी लागण झालेली, म्हणून दारावर कागद चिकटवलेला. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही. दवाखान्यातून रोज चार वाजता एक सिस्टर सदाशिवरावांच्या मोबाइलवर फोन करायची आणि दोन वाक्यांत तब्येत सांगायची. उरलेले सगळे तास त्या दोन वाक्यांची वाट पाहण्यात जायचे.

सदाशिवराव जेवत नव्हते. साखरेचा आजार असलेला माणूस, गोळ्या घ्यायचे आणि ताट बाजूला सारायचे. टीव्हीवर बातम्या लागल्या की ते मेलेल्यांचे आकडे पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचत, म्हणून अपेक्षानं डिशची वायरच उपटून ठेवली होती. ते दिवसभर दार ते मोरी, मोरी ते दार अशा फेऱ्या घालायचे. मी स्वतः अस्वस्थ जातीचा, पण त्यांच्यापुढे मी म्हणजे अगदी शांत.

वैष्णवीला चार चकत्या सापडल्या. एकीवरचं नाव पुसून गेलं होतं, म्हणून घरात तिला नुसतं 'वरातीचा पिक्चर' म्हणायचे. एका वरातीची बस रस्ता चुकते आणि दिवसभर भलत्याच गावांतून हिंडते, अशी गोष्ट. पावणेतीनला वैष्णवीनं ती लावली. बस पाहून सदाशिवरावांच्या फेऱ्या थांबल्या. "कंडक्टर कुठी आहे हिचा?" असं पुटपुटत ते खाली बसले. तासाभरानं ती बस चिखलात फसली, ड्रायव्हरनं नवरदेवालाच सेहऱ्यासकट धक्का मारायला लावलं, आणि सदाशिवराव हसले. अपेक्षानं हळूच ताट पुढे सरकवलं. त्यांनी भाताचा घास उचलला आणि त्याच वेळी फोन वाजला.

"आजी आज दोन घास जेवल्या. ऑक्सिजनबी थोडा कमी लागून राह्यला," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वरातीचा पिक्चर लागला, पुन्हा बस फसली, पुन्हा बातमी बरी आली. तिसऱ्या दिवशी अपेक्षानं बदल म्हणून दुसरी चकती लावली. चार वाजता सिस्टरनं सांगितलं, की सकाळपासून आजींचा श्वास वाढला आहे. झालं! सदाशिवरावांनी बाकीच्या तिन्ही चकत्या उचलून कोठीत गव्हाखाली पुरल्या.

"आता दुसरा पिक्चर नाही लावाचा. वैष्णवीची आजी घरी येतपर्यंत हाच. अन् गाडी चिखलात फसल्याबिगर फोन नाही उचलाचा."

अपेक्षा शिकलेली होती. तिला कळत होतं, की चकतीचा आणि फुप्फुसाचा काही संबंध नाही. तरी पावणेतीन वाजले की तीच ओढणीच्या टोकानं चकती पुसून वैष्णवीच्या हातात द्यायची. सदाशिवराव ग्लासावर दोन घंट्या द्यायचे. बस वेळेवर फसावी म्हणून ते घड्याळ आणि पडदा असं आळीपाळीनं पाहायचे. मी तर त्यांच्याही वर कडी केली. इंदुताईंचा श्वास मीच ओढतो आहे, असं मला खरोखर वाटायला लागलं. केवढा माज! कोठीमागच्या वर्षांचं उट्टं मी त्यात काढत होतो. पण आतून मी घाबरलेला होतो. रोज तीच चकती वाचून माझं भिंग शिणलं होतं. चकतीवर चरे वाढत होते, कारण सगळे ती गोल गोल पुसत. मधून कडेकडे सरळ पुसायला हवी, हे मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नव्हतं. पावणेतीन वाजत आले की माझ्या मनात एकच धडधड असायची, आज चाललो नाही तर?

अकराव्या दिवशी मी चाललो नाही.

ऊन मरणाचं होतं आणि लाईट सारखी कमीजास्त होत होती. वरातीची बस नाल्याकडे वळली, चिखल समोर दिसू लागला आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज एका जागी 'ध-ध-ध' करत राहिला. वैष्णवीनं चकती काढली, पुसली, लावली. पुन्हा तिथंच. सदाशिवरावांनी चकती टूथपेस्ट लावून घासली, तीही गोल गोल. आता तर मला काहीच दिसेना.

तेवढ्यात फोन वाजला. चाराला दहा मिनिटं कमी होती आणि नंबर नेहमीच्या सिस्टरचा नव्हता.

सदाशिवरावांनी फोन उचलून छातीशी घट्ट धरला. "नाही. गाडी फसली नाही अजून."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी अपेक्षा ओल्या हातांनी धावत आली. "बाबा, फोन द्या."

"पाच मिनिटं थांब वं माय! आता फसते गाडी. वैष्णवी, लाव तू. लाव लवकर!"

फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी जीव तोडून फिरत होतो. एक अक्षर, एक चाक, एखादा चिखलाचा शिंतोडा, काहीतरी हाती लागावं म्हणून. आणि मग मला एकदम वाटलं, की मी हे काय करतो आहे? पलीकडे एक माणूस बोलावतो आहे आणि मी इकडे चिखल शोधतो आहे. मित्रांनो, पुढचं मी मुद्दाम केलं की माझी मोटरच दमली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी चकती बाहेर ढकलून दिली. वैष्णवीनं ती पुन्हा आत लोटली, मी पुन्हा बाहेर दिली.

पोर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं चमचा उचलला आणि ग्लासावर एकदाच मारला. टण्.

"आबाजी, एक घंटी देल्ली. गाडी थांबली. उतरा आता."

सदाशिवरावांनी तिच्याकडे पाहिलं. एक घंटी झाल्यावर गाडी पुढे नेणं त्यांना उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. त्यांची बोटं सैल पडली. वैष्णवीनं फोन काढून घेतला आणि स्पीकर सुरू केला.

आधी नुसता दम लागलेला ऐकू आला. मग बारीक, फाटलेला आवाज.

"जित्ते आहा ना वो तुम्ही?"

इंदुताई होत्या. त्यांना पाठ असलेला नंबर हा एकच. दुसऱ्या एका सिस्टरच्या हातापाया पडून, तोंडावरचा मास्क बाजूला करून त्या फोन लावत होत्या.

"तीनदा लावला म्या. कोणीच उचलून नाही राह्यलं. मले वाटलं, घरी काही झालं अन् माह्यापासून लपवून राह्यले. माहा जीव जाऊन राह्यलता इथं."

सदाशिवरावांनी अपेक्षाकडे पाहिलं. तीच खालमानेनं म्हणाली, "आई, आम्ही पिक्चर पाहत होतो."



"मी इथं मराले टेकली, अन् तुम्ही पिक्चर पाहून राह्यले?"

तेव्हा सदाशिवरावांचा बांध फुटला. वरात, चिखल, पावणेतीन, गव्हाखालच्या चकत्या, सगळं त्यांनी रडत रडत सांगून टाकलं. "तुह्यासाठीच पाहून राह्यलो ना वं मी! अकरा दिवस झाले, एकच पिक्चर!"

इंदुताई हसल्या असाव्यात, कारण त्यांना जोराचा खोकला आला आणि सिस्टर मागून रागावली. दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, "माह्यासाठी पिक्चर नका पाहू. तुम्हाले पाहाचा तं पाहा, पोटभर जेवा. माह्यासाठी फोन उचला."

मी उघड्या तोंडानं, रिकाम्या पोटानं हे ऐकत होतो. मला फार लाज वाटली. ज्या श्वासाचा मालक म्हणून मी मिरवत होतो, तो श्वास माझ्यापायीच घाबराघुबरा झाला होता. त्या संध्याकाळी सदाशिवराव सिनेमा नसताना जेवले. नंतरचे नऊ दिवस मी बंद होतो, आणि फोन पहिल्या घंटीला उचलला जात होता. दहाव्या दिवशी इंदुताई घरी आल्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या, पण उंबऱ्यातूनच त्यांनी, अंगण का झाडलं नाही, असं विचारलं.

पुढे मारोतरावांच्या दुरुस्तीच्या दुकानात माझं भिंग साफ झालं, मोटरला तेल मिळालं. आता नवा टीव्ही आहे, पण रविवारी दुपारी मला बोलावणं येतं. मित्रांनो, मला धुळीत टाकू नका, चकती मधून कडेकडे पुसा, एवढं तर मी मागणारच. मन खचलं असेल तेव्हा खुशाल माझ्यासमोर बसा. दोन तास मी तुमचं दुःख धरून ठेवीन, तेवढी ताकद माझ्यात आहे. त्याहून जास्त नाही, आणि ती आहे असं मला पुन्हा वाटू देऊ नका.

नयन नेमका सिनेमा रंगात आला की हैदराबादहून फोन करतो. सदाशिवराव आता चष्मा लावून रिमोटवरचं ते दोन उभ्या रेघांचं बटण शोधतात, स्वतः दाबतात आणि "बोल रे बाप्पा," म्हणत उठतात. पडद्यावर एखादा नट तोंड उघडं टाकून उभा राहतो. मी आत कासावीस होतो, पण थांबतो. अर्धा तास थांबतो, कधी त्याहून जास्त. तुम्ही निवांत बोला.