एका कोटातले दोन साडू

मी कोट बोलतोय. कोणा एकाचा नाही हं, मोठ्या हॉटेलचा. दुपारच्या चहाच्या दालनात पुरुषांनी कोटाशिवाय पाऊल ठेवायचं नाही, असा इथला नियम. जे कोट विसरून येतात, त्यांच्यासाठी मी दाराशेजारच्या खुंटीवर असतो.

शिंप्याने मला शिवलं तेव्हा कोणाचीच मापं घेतली नव्हती. "सगळ्यांना थोडा थोडा होईल," म्हणाला. म्हणजे नीट कोणालाच नाही! पण माझी तक्रार नाही. माणसं मला चढवतात, आरशात बघतात आणि पटकन पोट आत ओढतात. पहिला केक पोटात गेला की ते पुन्हा बाहेर. मला सगळं कळतं, बटणं माझीच ताणली जातात ना!

खुंटीवर माझा एक जोडीदारही होता. त्याच्यावर कोणीतरी जाम सांडला, तो धुलाईला गेला आणि नेमके त्याच दिवशी हे चौघे आले. दोन बहिणी आणि त्यांचे नवरे, प्रवासाला निघालेले. बहिणी काय नटल्या होत्या! मोत्यांच्या माळा, केसांत पिनाच पिना, पायांत चावणारे नवे बूट. नवरे मात्र नुसत्या शर्टात.

"कोट तू घेतले होतेस ना?" थोरलीने विचारलं.

"मी? मला वाटलं ताई, तू घेतलेस."

दोन्ही कोट घरी कपाटात. दरवानाने मला पुढे केलं. "एकच आहे साहेब."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, या चहासाठीच तर सगळा घाट घातला होता गं! हे दोघे एका टेबलावर बसले असते तर बोलले तरी असते."

बहिणींच्या कुजबुजीतून मला उलगडा झाला. थोरल्याचा लाडका रेडिओ धाकट्या साडूने हौसेने दुरुस्त करायला घेतला आणि कायमचा मुका करून टाकला. तेव्हापासून हे दोघेही एकमेकांपुरते मुके. बायका बिचाऱ्या मधल्या मधे निरोप पोचवून थकलेल्या.

शेवटी पाळी लावायची ठरली. पहिला मान थोरल्याचा. माझी बटणं काही त्याच्या पोटावर लागेनात. धाकटा बाहेर बाकावर जाऊन बसला. टेबलावर केक आले, सँडविच आले, पण थोरल्याची मान सारखी दाराकडे. मग त्याने हळूच लिंबाचा केक कागदी रुमालात गुंडाळला आणि माझ्या खिशात सरकवला.

"अहो, हे काय?" थोरली कुजबुजली.

"काही नाही. तू चहा पी."

बाहेर येऊन त्याने मला काढलं आणि धाकट्याच्या हातात दिलं. धाकट्याने मला चढवलं, खिसा जड लागला म्हणून हात घातला. केक बघून तो तसाच उभा राहिला. लिंबाचा केक म्हणजे त्याचा जीव की प्राण, हे थोरला विसरला नव्हता.

धाकटा आत आला, पण बसला नाही. त्याने एक कप भरला. आता चहा काही खिशातून नेता येत नाही! तो कप हातात धरून, सगळ्या दालनासमोरून, थेट बाहेर निघाला.

"दादा, घ्या. निवेल."

थोरल्याने कप घेतला. एक घोट घेतला. मग म्हणाला, "रेडिओ तसा जुनाच होता रे."

बहिणी दारातच उभ्या होत्या. धाकटी आत धावली आणि किटली घेऊन आली, थोरलीने केकची बशी आणली. वेटर "अहो बाई, अहो बाई" करत मागे. दरवान छताकडे बघत राहिला, कारण बाकासाठी कोटाचा नियम नव्हता. बहिणींनी बूट काढून टाकले आणि चौघे दाटीवाटीने बसले. धाकट्याने मला काढून बाकाच्या हातावर टाकलं. मला कोणी विचारत नव्हतं, आणि मला कधी नव्हे इतका आनंद झाला होता.

आता माझे कोपर झिजलेत, अस्तर उसवलंय. लवकरच मला मोडीत काढतील. हरकत नाही, भरपूर मिरवलो. एवढंच सांगतो, जाण्याआधी कोणी मला झटकायला घेतलं, तर उजव्या खिशाला हात लावू नका. तिथे थोडा लिंबाच्या केकचा चुरा आहे. तो माझा आहे.