थोरलीला गार हवा

दादाची पाठ गेली तेव्हापासून ट्रक वहिनी चालवते. त्याआधी ती क्लीनरच्या सीटवर बसायची, दादाला डुलकी लागू नये म्हणून त्याच्याशी भांडायची, आणि भांडता भांडता गाडी शिकली. ट्रकला आम्ही थोरली म्हणतो, कारण दादाच्या दोन्ही मुलींच्या आधी ती घरात आली. पुढे लांब नाक काढलेलं जुन्या वळणाचं बॉनेट, त्यावर दादानं दरवर्षी स्वतःच्या हातानं चढवलेला निळा रंग.

मी पत्र्याचं काम करते. मोठ्या इमारतींत छताखालून हवा खेळवणारे डक्ट असतात ना, ते आमच्या वर्कशॉपमध्ये बनतात. वहिनीचं आणि माझं भांडण कधी झालं नाही, पण पटलंही नाही. ती मला ‘अहो वन्सं’ म्हणायची, आणि त्या ‘अहो’मध्ये मान कमी, अंतर जास्त असायचं.

एका बुधवारी ती खाणीवरून आली ती जेवणाचा डबा ओट्यावर आपटतच. मी दादाला बघायला आले होते.

"पाटी लावलीय फाटकावर," ती म्हणाली. "भरलेली गाडी दहा मिनिटांत वर आली नाही तर मंगळवारपासून आत घेणार नाहीत."

आमच्याकडची खाण म्हणजे डोंगर पोखरून केलेला खोल खड्डा. ट्रक रिकामे खाली उतरतात, खडी भरतात आणि एकाच अरुंद चढावरून वर येतात. एक गाडी रेंगाळली की मागच्या सगळ्या अडतात. थोरलीला चौदा मिनिटं लागत होती.

"मॅनेजर म्हणाला, बाई, आता भंगारात द्या ती. आणि तुम्हीही घरी बसा, बरं दिसेल."

दादा पलंगावरूनच म्हणाला, "बरोबर बोलला तो. वय झालं थोरलीचं."

"वय माझंही झालंय," वहिनी म्हणाली. "मला कधी देताय भंगारात?"

दादा भिंतीकडे तोंड करून पडला. मी विचारलं, "चढावर होतं काय नक्की?"

"दम लागतो तिला. सकाळची पहिली खेप बरी जाते. दुपारी नुसता काळा धूर सोडते आणि पहिल्या गिअरमध्ये रांगते."

सकाळी बरी आणि दुपारी वाईट, हे माझ्या डोक्यात अडकलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली, वर्कशॉपचा थर्मामीटर घेतला आणि वहिनीशेजारी जाऊन बसले. डक्टमधली हवा मोजायचा तो. त्याची लांब तार मी बॉनेटखाली एअर फिल्टरच्या तोंडाशी चिकटवली होती. बाहेर छत्तीस अंश होते. चढाच्या मध्यावर काट्यानं एकाहत्तर दाखवले.

"ती रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतेय," मी ओरडून सांगितलं, कारण इंजिनापुढे दुसऱ्या आवाजाचं काही चालत नव्हतं. "गरम हवा विरळ असते, वहिनी. डिझेल पुरेसं जातं, पण ते जाळायला हवा पुरत नाही. उरलेल्याचा धूर होतो. तिला बाहेरची गार हवा दिली पाहिजे."

वहिनीनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "गॅरेजवाल्या मिस्त्रींना विचारू," एवढंच म्हणाली.

मिस्त्री आधी पोट धरून हसले. "गार हवा? मग एक स्वेटरही विणून ठेवा, सर्दी झाली तर! अहो, वीस वर्षं इंजिनं खोलतोय मी. डबे बनवणाऱ्यांनी डबे बनवावेत."

मी काही बोलणार, तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट धरून मला बाहेर आणलं. तिचे कान लाल झाले होते. "रविवारी वर्कशॉप मोकळं असतं ना? थोरलीला घेऊन येते मी. तुमचा डबा तयार ठेवा."

रविवारी सकाळी थोरली आमच्या वर्कशॉपच्या अंगणात उभी राहिली. डबा मी शनिवारीच तयार केला होता: जाड पत्र्याचा, झाकणाला रबराची पट्टी, आत नवा फिल्टर. डब्यातून हातभर रुंद वळण घेऊन पाइप बॉनेटच्या बाजूनं बाहेर पडणार आणि काचेच्या कडेनं वर केबिनच्या उंचीपर्यंत जाणार. वरच्या तोंडाला पावसाचं पाणी शिरू नये म्हणून मागे वळलेली टोपी, आणि चुकून शिरलंच तर निथळायला डब्याच्या तळाशी बारीक भोक.

बॉनेटवर मी कंपासनं गोल आखला आणि ग्राइंडर उचलला, तोच फाटकातून काठी टेकत दादा आला. धाकट्या मुलीनं त्याला रिक्षानं आणून सोडलं होतं.

"माझ्या गाडीला भोक पाडायचं नाही," तो म्हणाला.

माझा हात थांबला. निळ्या रंगावर आखलेला तो गोल एकदम जखमेसारखा दिसायला लागला. लहानपणी याच माणसानं मला सायकल शिकवली होती. त्याच्या वस्तूला मी त्याला न विचारता कधी हात लावला नव्हता.

वहिनी पुढे आली. तिनं माझ्या हातातून ग्राइंडर घेतला, माझाच चष्मा माझ्या कपाळावरून काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

"गाडी तुमच्या नावावर आहे," ती दादाला म्हणाली. "चढ माझ्या नावावर आहे. रोज पाच वेळा." मग माझ्याकडे वळून, "तू नुसती बघत काय उभी आहेस? पत्रा घट्ट धर!"

पहिल्यांदाच ‘तू’. मी दोन्ही हातांनी बॉनेट दाबून धरलं. ठिणग्या तिच्या मनगटांवर उडत होत्या, पण तिनं हात आखडला नाही. कापलेली चकती खणकन खाली पडली. दादा उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. तसाच, न वळता म्हणाला, "कडा घासून घ्या नीट. पाइपाला चरे पडतील."

दुपारपर्यंत सगळं बसलं. आता तपासणी. इंजिन चालू करायचं आणि पाइपाच्या तोंडावर प्लायवूडचा तुकडा दाबून हवा तोडायची. जोडणी घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. मी शिडीवर चढून तुकडा दाबला. थोरली जरा कुरकुरली आणि चालतच राहिली.

"बंद पडली नाही," वहिनी केबिनमधून म्हणाली. "चांगलं की वाईट?"

"वाईट. कुठूनतरी न गाळलेली हवा चोरून आत जातेय. खाणीची धूळ अशी गेली तर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो महिन्याभरात संपेल."

एकेक क्लॅम्प पुन्हा आवळला. काही फरक पडेना.  शेवटी दादा पिंपावरून उठला, काठी बंपरला टेकवली आणि डोळे मिटून हात इंजिनात खोल घातला. एवढी वर्षं त्यानं ते इंजिन अंधारात, चिखलात, उभ्या रस्त्यात चाचपलं होतं.

"ही जुनी रबरी नळी. टर्बोजवळची. वरून छान दिसते, पोटात फाटलीय."

बोटभर चीर होती. रविवारी दुकानं बंद, नळी होती फक्त मिस्त्रींकडे. वहिनी गेली आणि अर्ध्या तासात घेऊन आली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, काही उपयोग होणार नाही. मी म्हटलं, नळी द्या, मत तुमच्याकडेच राहू दे."

नळी बसवली. पुन्हा तुकडा दाबला. थोरलीनं एक आचका दिला, सगळं धूड हललं आणि इंजिन ठप्प झालं. बंद पडलेल्या गाडीला टाळ्या वाजवणारं आमच्याशिवाय दुसरं कुटुंब नसेल.

सोमवारी मी पुन्हा तिच्या शेजारी. मॅनेजरला वेळ लावायला वहिनीनं मुद्दाम दोनची खेप सांगितली.

"सकाळी का नाही?" मी म्हटलं. "सकाळी सोपं जाईल."

"म्हणूनच. सकाळी चढले तर म्हणेल, गारव्यानं चढली."

ऊन नुसतं भाजत होतं. गाडी काठोकाठ भरलेली. वहिनीनं दुसरा गिअर टाकला आणि जबडा आवळला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आरशात मागे पाहिलं तर धूर होता, पण विरळ, राखाडी. थर्मामीटरवर एकोणचाळीस. शेवटच्या वळणावर ती पहिल्या गिअरवर आली तेव्हा मी श्वास रोखून धरला. थोरलीनं मात्र रोखला नाही. फाटकात मॅनेजर घड्याळ घेऊन उभा होता. नऊ मिनिटं वीस सेकंद.

"एकदा जमलं म्हणजे रोज जमेल असं नाही," तो म्हणाला.

"घड्याळ खिशात घालू नका मग," वहिनी म्हणाली. त्या दुपारी तिनं आणखी दोन खेपा काढल्या. दोन्ही दहाच्या आत.

"तरी गाडी जुनीच आहे, बाई."

"पाटीवर वय लिहिलेलं नाही."

"नवी पाटी लावीन."

"लावा. तीही वाचीन मी."

त्यानं खरंच लावली, दीड महिन्यानं: वीस वर्षांवरच्या गाड्यांना बंदी. पण तोवर इतर पाच जुन्या ट्रकवाल्यांनी येऊन थोरलीचं बॉनेट उघडून पाहिलं होतं, आणि आमचे पाच रविवार पत्रा कापण्यात गेले होते. आता ग्राइंडर वहिनीच चालवायची आणि दादा पिंपावर बसून चुका काढायचा. त्या पाचही गाड्या दहा मिनिटांच्या आत चढत होत्या.

पाटी लागली त्या सकाळी सहा जुने ट्रक फाटकासमोर एकामागे एक उभे राहिले. पहिली थोरली. वहिनीनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत घेतली आणि खाली उतरून मडगार्डला टेकून उभी राहिली. मागच्या पाचांनी तेच केलं. नव्या गाड्यांना आत जायला वाट उरली नाही. त्यांच्या ड्रायव्हरांनी आधी हॉर्न वाजवले, मग तेही उतरून सावलीत बसले.

मॅनेजर तीनदा बाहेर आला. पहिल्यांदा ओरडला, दुसऱ्यांदा पोलिसांचं नाव काढलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनी त्याला म्हणाली, "आमच्यातली एक गाडी दहा मिनिटांवर गेली तर मी स्वतः तिला परत पाठवीन. पण वेळेत चढतेय तोवर ती आत जाणार."

खाली खडीचे ढीग वाढत होते आणि ऑफिसातला फोन थांबत नव्हता. साडेअकराला मॅनेजरनं पाटी काढायला लावली.  वहिनी केबिनमध्ये चढली, किल्ली फिरवली आणि पहिली खेप भरायला खाणीत उतरली.