हे काळीज कुणाचं?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बाबा, समोर गादीवर सहा महिन्यांचं बाळ, त्याच्या छातीवर चिकटवलेली नळी, आणि कर्ण्यातून घुमणारा आवाज: धड-फुस्स, धड-फुस्स.

"ऐका! काळजाच्या भोकातून आयुष्य गळतंय!" बाबा गरजले. "आईच्या पापानं पडलेलं भोक. पाप बोल बाई, भोक बुजेल. कापाकापी हवी कशाला?"

ऑपरेशन परवावर आलं होतं. बाळाच्या आईनं शेजारच्या सासूकडे पाहिलं. सासूबाई पुटपुटल्या, "बोलून टाक गं. बाळासाठी."

ती बोलली. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा नोकरी नुकती लागली होती. "मला... हे मूल नकोसं वाटलं होतं."

"मन चिंती ते वैरी न चिंती," मागून कुणीतरी चुकचुकलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

बाबांनी राख फुंकली. कर्ण्यातला आवाज क्षणभर थांबला. मग कर्णा बोलू लागला: धड... धड... धड. एकदम निर्मळ! जयजयकार उसळला. "ऑपरेशन रद्द!" बाबांनी जाहीर केलं.

तिनं रडतच नळी सोडवली, बाळाला उचललं आणि सवयीनं छातीवर हात ठेवला. हाताखाली तीच रोजची थरथर, मांजर गुरगुरावं तशी. ठोकेही भराभर. कर्ण्यातले मात्र जेवून आडवं झालेल्या माणसासारखे निवांत.

"बाबा, बाळ तर माझ्या कडेवर आहे. मग हे काळीज कुणाचं?"

"तो... तो कृपेचा प्रतिध्वनी, बाई!"

"थांबा, बघतेच तुमची कृपा!" सासूबाईंनी बाबांसमोरच्या टेबलावरून लोंबणारं कापडच ओढलं. खाली कर्ण्याला जोडलेल्या मोबाईलवर तेच ठोके वाजत होते. नळीचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "खरंच माझ्या विचारानं झालं का हो?"

"विचारानं भोकं पडली असती, तर जगात एक काळीज धड राहिलं नसतं. जनुकं आईबापाकडून येतात. पण कुठलं कधी जागं करायचं, कुठलं निजवायचं, याच्या रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत हृदय घडतं. तेव्हा त्या खुणा चुकल्या, तर हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा अपुरा राहून भोक उरू शकतं. आईची वाढलेली साखर, तंबाखूचा धूर, काही औषधं यांनीही त्यात गडबड होऊ शकते. तुमच्या बाळाचं नेमकं कारण मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी त्याला पाप म्हणणार नाही."

सासूबाईंची मान वर होईना. "मीच नेलं तिला तिथं. चारचौघांत बोलायला लावलं."

बाळाला आत नेल्यावर दोघी दाराबाहेर एकाच बाकावर बसल्या, मध्ये एक जागा सोडून. अपराधीपणा एका दिवसात उठून जात नाही.

दुखण्याचं कारण माहीत नसणं ही लाजेची गोष्ट नव्हे. ते आईच्या माथी मारणं ही आहे. बायांनो, दिवस राहण्याआधीच साखर तपासून घ्या. आणि तुमचं पाप विचारायला जो येईल, त्याच्याकडे आधी पुरावा मागा.