नमत्या मापाची नौका

मित्रांनो, जळगावात समुद्र नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. तरी माझा जन्म तिथलाच. मी बेचाळीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची एक शिडाची नौका आहे. वयाने मी काही फार जुनी नाही, पण माझ्या पोटातलं लोखंड माझ्याहून तीन पिढ्यांनी थोरलं आहे.

शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये भटूने मला घडवलं. भटू हा पाण्याच्या टाक्या करणारा कारागीर. नौका त्याने उभ्या जन्मात केली नव्हती. पण टाकी पाणी आत धरते आणि नाव पाणी बाहेर ठेवते, फरक तो काय तेवढाच, असं म्हणून तो कामाला लागला. फायबरचे थर एकावर एक चढत गेले आणि तीन उन्हाळ्यांत माझं अंग भरलं. शेजारच्या डाळ मिलचा पिवळा भुगा माझ्यावर येऊन बसायचा. दुपारचा गरम वारा पत्र्याच्या फटीतून आत शिरला की मी डोळे मिटून त्याला समुद्राचा वारा समजायचे. न पाहिलेल्या पाण्याची स्वप्नं पडायची मला. हसाल तुम्ही, पण त्या स्वप्नांतल्या लाटाही डाळीसारख्या पिवळ्या असायच्या.

मला करवून घेतलं ते पन्नालालशेठांनी. पारोळ्याला त्यांचं आजोबांपासूनचं धान्याचं दुकान. सगळी हयात तराजूपुढे गेलेली. तरुणपणी कोकणात एका लग्नाला गेले असताना त्यांनी किनाऱ्यावरून एक मोठी शिडाची नौका पाहिली. वाऱ्याने ती एका अंगाला कलायची आणि सावकाश पुन्हा सरळ व्हायची. "हीरा, हा तर तराजूच आहे," ते बायकोला म्हणाले, आणि ते वेड डोक्यात बसलं ते बसलंच. शहात्तराव्या वर्षी दुकान मुलाच्या हाती देऊन त्यांनी माझे नकाशे मागवले. असं सुकाणू मरण्याआधी एकदा आपल्या हातात यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हीराबाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको होते. "या वयात लोक तीर्थाला जातात, आमचे हे टाकीत बसून फिरणार," त्या म्हणायच्या. टाकी म्हटलेलं मला फार लागायचं.

आता माझ्या घडणीचं थोडं सांगते. माझ्यासारखी लांब प्रवासाची नौका खालून जड असावी लागते. वर शिडांना वारा ढकलतो आणि खाली वजन तिला सावरतं. माझ्या तळाच्या कण्यात भंगाराचं लोखंड ओतलं होतं, पण नकाशाप्रमाणे दोन्ही कुशींतही सारखं वजन हवं होतं. शेठांना दुकानातली जुनी वजनं आठवली. इलेक्ट्रिक काटे आल्यापासून पाच आणि दहा किलोची लोखंडी मापं गोणीत गंजत पडली होती. दोंडाईच्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनीही आपापल्या गोण्या पाठवल्या. फक्त वीस किलोची पंधरा मापं हीराबाईंनी दिली नाहीत. सासूबाईंच्या काळापासून दर लक्ष्मीपूजनाला त्या त्यांना हळदकुंकू वाहत आल्या होत्या. "ते भंगार नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

उजवी कूस भटूने भरली. डावी शेठांनी स्वतः भरली. दोन्ही बाजूंना तीस तीस किलोच्या प्रत्येकी साठ खेपा पडल्या आणि वरून रसायन ओतून सगळं पक्कं केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा मी कोणीतरी आहे असं वाटलं.

मग परवान्याचे कागद आले, आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी मला लांब ट्रेलरवर घालून तापीच्या धरणावर नेलं. केळीच्या बागांमधून जाताना लोक रस्त्याकडेला उभे राहून बघत होते. क्रेनने मला अलगद पाण्यात सोडलं. काय सांगू मित्रांनो, त्या गार स्पर्शाने माझं अंग अंग शहारलं. आणि तेवढ्यात मी डावीकडे कलले. वारा नव्हता, शीड नव्हतं, तरी मी चार बोटं कललेलीच राहिले.

"नाना, नाव डावीकडे झुकी ऱ्हायनी," भटू शेठांना हळूच म्हणाला.

हायवेवर धाबा चालवणारा रुपचंद मुद्दाम तिथे आला होता. मला धाब्यासमोर उभी करून पोटात टेबलं मांडायची, हा त्याचा बेत. नाव सरळ तरंगली नाही तर घेऊन जा, असा शब्द शेठ त्याला थट्टेत देऊन बसले होते. "शेठ, माझ्याकडे पाणीच नाही, तर कलणार कुठे? बारा टेबलं आरामात बसतील," तो म्हणाला. शेठ दिलेला शब्द मागे घेणाऱ्यांतले नव्हते. म्हणजे आता माझ्या नशिबी आयुष्यभर शेवभाजीचा वास आणि ट्रकांचे भोंगे!

काठावर खुर्ची टाकून बसलेल्या हीराबाई उठून पाण्याजवळ आल्या.

"भटू, कोणती बाजू कोणी भरली?"

"उजवी मी भरी, अक्का. डावी नानानी. मी तं मोजीसन टाकं."

"काट्यावर काटा?"

"बठ्ठं बरोबर शे."

त्याचं सगळं बरोबर म्हटल्यावर हीराबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तीस किलो झाल्यावर वर काय टाकलंत?"

शेठांनी आपल्या हातांकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला सरळ पारडं त्यांनी जन्मात दिलं नव्हतं. माप भरलं की वर एक मूठ घालायची आणि पारडं नमवूनच उचलायचं, ही त्या दुकानाची रीत. इथेही प्रत्येक खेपेला त्यांचा हात आपोआप एक पाचाचं माप वर टाकत गेला होता.

"साठ खेपा," ते पुटपुटले. "तीनशे किलो."

हीराबाई हसायला लागल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पन्नास वर्षं बघतेय. या माणसाला सरळ तोलताच येत नाही." मग त्या रुपचंदला म्हणाल्या, "भाऊ, एक रविवार थांबा."

पुढच्या रविवारी त्या टेम्पोत पुढे बसून आल्या. मागे पंधरा मापं होती, हळदकुंकवासकट. वीस पंधरे तीनशे. भटूने ती उजव्या कुशीत बसवली आणि मी सरळ उभी राहिले. नकाशापेक्षा बोटभर खोल बसले खरी, पण पाण्यावर रेघ मारावी तशी सरळ. रुपचंदनेच पहिल्यांदा टाळी वाजवली.

मग शिडं चढली. मी झुळकीने पळणारी नव्हे. मला हलायला वेळ लागतो, वाऱ्याच्या तोंडावर तर जाताच येत नाही, नागमोडी वाट काढावी लागते. पण एकदा निघाले की सुकाणू सोडून चहा प्यावा इतकी मी आपल्या रेषेत चालते. दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. भटूने मधलं मोठं शीड उतरवलं आणि पुढच्या-मागच्या लहान शिडांवर मी शांत चालत राहिले. वाऱ्याने कलायचे आणि सावकाश सरळ व्हायचे. सुकाणूवर पन्नालालशेठ होते.

काठाला लागल्यावर त्यांनी हात पुढे केला. हीराबाई चपला काढून आत आल्या आणि डाव्या बाजूला बसल्या.

"माझ्या वजनाने परत कलेल हो."

"कलू दे," शेठ म्हणाले. "आपलं पारडं नमतंच बरं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी कोपऱ्यात एखादं जुनं माप पडलं असेल. ते भंगारात देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा, कोणाचा हात त्यावर झिजलाय ते. माझ्या पोटात तसे कितीतरी हात आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर मी येत्या हिवाळ्यात समुद्रावर निघणार आहे. सुकाणूवर शेठ आणि हीराबाई आळीपाळीने बसणार आहेत.