डाव्या हाताचं पाकीट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, थोरलीच्या हातात एक विणलेलं पाकीट आलं. तिने ते उलटं करून पाहिलं आणि ती खाली बसली. मागे खुर्ची होती म्हणून खुर्चीवर. नसती तर जमिनीवर बसली असती, असं तिथे हजर असलेल्या दोघीही सांगतात.

पाकीट तिचं नव्हतं. दवाखान्यात सहा वर्षं पेशंटची नावं लिहून घेणारी मुलगी, जिला सगळे हसरी म्हणतात, नोकरी सोडून चालली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला निरोपाची भेट म्हणून गिफ्ट कार्ड दिलं होतं. नुसतं कार्ड हातावर कसं ठेवायचं, म्हणून ते क्रोशाच्या पाकिटात घातलेलं होतं. तळहाताएवढं पाकीट, निळसर करडा सुती दोरा, पुढे दुमडणारी पट्टी आणि एक लाकडी बटण.

"मावशी, तुम्ही विणता ना?" हसरी म्हणाली. "बघा जरा, जमलंय का विणणाऱ्या बाईला."

थोरली दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करते. वय एकोणपन्नास. दुपारच्या सुट्टीत तिच्या हातात सुई असतेच. विणणारी माणसं नक्षी मागाहून पाहतात, आधी कड पाहतात. तिनेही कड पाहिली. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, सुटलेला होता, आणि तो भरून काढायला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकाच घरात दोन खांब घातले होते. अशाने खांबांची संख्या बरोबर येते, पण कडेला एकाआड एक बारीक भोक आणि बारीक उंचवटा राहतो. शिवाय सगळे खांब उलट्या बाजूला कललेले होते. म्हणजे विणणारी डावखुरी होती.

ही चूक थोरलीने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि धाकटी बहीण आठ. डाव्या हाताने सुई धरणाऱ्या मुलीपुढे आईने हात टेकले, तेव्हा थोरली तिच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी आरसा आहे असं समज." त्या काळात थोरली स्वतःच शेवटचा खांब विसरायची. वर्षभराने आईने तिची चूक सुधारली. थोरली धाकटीला सांगायला गेली तर ती म्हणाली, "माझी मोजणी बरोबर येतेय ना, मग तुला काय त्रास?" आणि तसंच विणत राहिली.

धाकटी अकरा वर्षांपूर्वी वारली होती.

"बाई," थोरलीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे जुनं आहे का? घरात पडलेलं वगैरे?"

"जुनं कुठलं? परवा घेतलं. कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात टोपलीभर होती."

"मावशी, मी जातेय म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका," हसरी म्हणाली. मग थोरलीचा चेहरा पाहून तिने पाणी आणलं.

दुपारी एक वाजता थोरली दुकानात होती. टोपलीत नऊ पाकिटं होती. तिने एकेक उचलून कडेवरून नख फिरवलं. नऊच्या नऊ तशीच.

"ताई, घ्यायचंय की तपासणीवर आलात?" दुकानदाराने विचारलं.

"ही कोण देतं तुम्हाला?"

"एक बाई आहे. एक गुरुवार सोडून येते. पिशवी ठेवते, जाते. बोलायचं काम नाही."

"नाव?"

"मी पाकीटवाली म्हणतो, ती ओ देते."

"वय काय असेल?"

"बायकांच्या वयाचा अंदाज मी करत नाही. गिऱ्हाइकं तुटतात."

थोरलीने फोनमधला फोटो पुढे केला. त्याने फोन लांब धरला, जवळ धरला. फोटोत चष्मा नाही, तो म्हणाला, पाकीटवालीला आहे, आणि तिचे केस बारीक कापलेले आहेत. असेलही, नसेलही. कोणत्या हाताने पिशवी ठेवते, या प्रश्नावर त्याने नुसतं पाहिलं. एवढं मात्र पक्कं होतं की पुढची फेरी याच गुरुवारी होती.

"तिला काही बोलू नका," थोरली म्हणाली. "माझी बहीण असेल ती, ती दगावली असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांनीच ओळख पटवली होती. मी गुरुवारी येते, मी बोलेन."

दुकानदाराने टोपली सरळ केली. "मी कशाला बोलतोय," तो म्हणाला.

तिने एक पाकीट विकत घेतलं आणि आपला फोन नंबर लिहून ठेवला.

तिचे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. उभं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. हातात येईल त्याचं माप अजून बोटांनी घेतात. थोरली साडेपाचला घरी पोहोचली तेव्हा ते खिडकीची कडी घासत बसले होते.

"बाबा, तेव्हा तुम्ही नक्की काय पाहिलं होतं?"

तेव्हा म्हणजे कधी, हे त्यांनी विचारलं नाही.

घडलेलं एवढंच होतं. धाकटीने लागलेली नोकरी घरी न विचारता सोडली. वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं. ती एक बॅग घेऊन निघून गेली. आठ दिवसांनी तिची बेपत्ता म्हणून नोंद केली. त्यात अंगावर तिने स्वतःच हाताने विणलेलं पिवळं जाकीट असल्याचं लिहिलं. दोन महिन्यांनी कालव्यात एका बाईचा मृतदेह सापडला. अंगावर हाताने विणलेलं पिवळं जाकीट. थोरली त्या आठवड्यात ऑपरेशन होऊन इस्पितळात पडून होती. ओळख पटवायला वडील एकटे गेले. येताना लाखेचं सील केलेलं एक पुडकं घेऊन आले. ते कुणी उघडलं नाही. आई त्याआधीच गेली होती. वर्षभरात त्यांनी घर बदललं आणि जुन्या पत्त्यावर नवा पत्ता ठेवला नाही. ठेवायचा कुणासाठी?

"जाकीट दाखवलं," वडील म्हणाले. "मी हो म्हणालो."

"आणि चेहरा?"

"बघायचा तर बघा म्हणाले. पण पाण्यात बरेच दिवस होती, तुमची मर्जी म्हणाले."

"मग?"

वडिलांनी कडी खाली ठेवली. "मीच तिला म्हणालो होतो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मग मी कोणत्या तोंडाने बघणार होतो? सही केली आणि आलो."

थोरलीने स्टूल घेतलं. पुडकं कपाटावरच्या सुटकेसमध्ये होतं. लाख हाताला लागताच तुकडे होऊन पडली. जाकीट धुतलेलं नव्हतं, घडीच्या जागी कडक झालं होतं. तिने ते टेबलावर पसरलं, दिवा जवळ ओढला आणि खालच्या कडेपासून सुरुवात केली.

कड सरळ होती. नुसती एकदोन ओळी नाही, थेट गळ्यापर्यंत. एकही खांब सुटलेला नव्हता, एकही जास्त नव्हता. सगळे खांब उजव्या हाताच्या बाजूला कललेले होते. ज्या कुणी हे विणलं होतं तिचा हात थोरलीपेक्षाही साफ होता.

"बाबा, हे तिचं नाही."

ते उठून आले. कडेवरून अंगठा आणि तर्जनी फिरवत राहिले, जसं पूर्वी पात्याची धार बघायचे. पूर्ण फेरी झाली. मग पुन्हा उलट फेरी केली.

"पिवळं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मी पिवळा रंग बघितला."

मग त्यांनी विचारलं, "मग आपण अंत्यसंस्कार कुणाचे केले?"

थोरलीने पुढचा तास एका कामात घालवला. करडा दोरा काढला, माप म्हणून स्वतःचं बसचं कार्ड टेबलावर ठेवलं, आणि सुई डाव्या हातात धरून पाकीट विणायला घेतलं. बोटं ऐकत नव्हती. साखळी सैल पडत होती. ओळीच्या शेवटी एक खांब सोडायचा, उलटायचं, पहिल्या घरात दोन घालायचे. सदतीस वर्षांपूर्वी बहिणीला दाखवलं होतं तेच ती स्वतः उलट्या हाताने करत होती. सहा ओळी झाल्यावर तिने तुकडा विकतच्या पाकिटाशेजारी ठेवला. भोक, उंचवटा, कल, सगळं जुळत होतं.

"यावरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "तिने कुणाला शिकवलंही असेल."

"ती शिकवणार?" वडील म्हणाले. "एक गाठ दाखवताना तीनदा भांडायची."

बुधवारी सकाळी दोघं पोलीस ठाण्यात गेले. टेबलावरच्या अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला.

"आजोबा, सही तुमचीच ना?"

"माझीच."

"म्हणजे एकाच कागदावर एक मेलेली बाई जिवंत करायची आणि दुसरी बेवारस. पुरावा काय, तर विणकाम."

"तेव्हाही पुरावा विणकामच होता, साहेब," थोरली म्हणाली. "तेव्हा चाललं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. त्याने जुन्या केसचा नंबर लिहून घेतला, जाकीट पंचनाम्यासाठी ठेवून घेतलं, अर्जावर शिक्का मारला. त्या वर्षी बेपत्ता झालेल्या बायकांची यादी मागवतो, म्हणाला, वेळ लागेल. वडिलांनी विचारलं, त्या बाईच्या घरचे अजून शोधत असतील का? तो म्हणाला, शोधत असते तर तेव्हाच सापडले असते. मग वडिलांकडे पाहून म्हणाला, तसं सांगता येत नाही.

गुरुवारी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत बापलेक आत स्टुलांवर बसून होते. वडिलांनी दाढी केली होती. दार उघडलं की ते उभे राहत आणि गिऱ्हाईक बघून परत बसत. दुपारनंतर त्यांनी उठून उभं राहणं सोडलं, कारण ते आता बसतच नव्हते. पाकीटवाली आली नाही.

शुक्रवारी थोरलीला सुट्टी मिळाली नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी दुकानदाराचा फोन आला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"ताई, ती येऊन गेली. नऊ वीसला."

"तुम्ही मला फोन का नाही केला?"

"करणारच होतो. आधी माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, तुमची बहीण तुम्हाला शोधतेय, काल दिवसभर बसली होती."

थोरलीने हातमोजे काढले. "काय म्हणाली?"

"पिशवी काउंटरवर ठेवली. मग विचारलं, इतक्या वर्षांनी आत्ताच का? मी म्हटलं, त्यांना वाटत होतं तुम्ही हयात नाही. ती म्हणाली, कुणी सांगितलं त्यांना तसं?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्हीच मला सांगितलं होतं मंगळवारी. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनीच मृतदेह ओळखला म्हणे."

"मग?"

"ती काउंटरला धरून उभी राहिली. म्हणाली, बाबा मला ओळखतात म्हणाले? मी खुर्ची दिली, बसली नाही. गेली. पिशवी इथेच टाकून गेली."

थोरली दवाखान्यातून तशीच निघाली. वडिलांना तिने वाटेतून घेतलं, आणि दुकानदार जे बोलला ते शब्दशः सांगितलं. त्यातलं काही लपवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. दुकानात पोहोचल्यावर पिशवीला त्यांनी हात लावला नाही, थोरलीलाही लावू दिला नाही. तिची आहे, म्हणाले, तिला विचारल्याशिवाय नको.

रस्त्याच्या दोन्ही टोकांना थोरली तीनदा जाऊन आली. बसथांब्यावरच्या फुलवाल्या बाईने बारीक केसांची, चष्म्याची एक बाई पाहिली होती. ती बसमध्ये चढली नाही. समोरच्या बाकावर बराच वेळ बसली होती, दोन बस जाऊ दिल्या, मग चालत निघाली. दुकानाच्या दिशेने की उलट, हे फुलवालीला सांगता आलं नाही. तेव्हा गिऱ्हाईक होतं.

सायंकाळी सव्वासहा वाजता वडील अजून दुकानाच्या दाराबाहेर उभे होते, ती कुठल्याही बाजूने परत आली तरी तिला आधी त्यांचं तोंड दिसावं म्हणून.