सगळ्या ताफ्याची रक्ततपासणी

"खिडक्या बंद, दार बंद. आता सोयाबीनबरोबर आपल्यालाही उकडा म्हणावं, आणि कापा चौकोनी," कामगार समिजो कढईवर वाकून पुटपुटला.

शेजारीच साच्यात फडकं अंथरणाऱ्या परमिनच्या कानात ते बरोबर पडलं. पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं करण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. शिवाय समिजोचं चूक तरी काय होतं? तीन कढया रटरटत होत्या, भिंतींना घाम फुटला होता, आणि या भट्टीच्या मधोमध परमिनची बायको वार्तिनी, म्हणजे ताहूच्या, सोयाबीनच्या पनीरच्या, या कारखान्याची मालकीण, लोकरीचा स्वेटर घालून बसली होती. वारा कुठून येतोय ते जरा बघा, असं तिचं चाललं होतं. समिजो उठला आणि बंद असलेली खिडकी पुन्हा एकदा बंद करून आला.

गावात तिला सगळे आदराने बू तिनी, म्हणजे तिनीबाई, म्हणत; पण बू तिनी, तुम्हाला काहीतरी होतंय, असं तिला कुणी म्हणालं नाही. आपल्या गावात खरं बोलायला मनाई नाही, फक्त ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडावर बोलायचं नसतं. पाहुण्याच्या ताटातला घास उचलावा तसं ते दिसतं. त्यामुळे वार्तिनीचा चेहरा सुजला, केसांचे पुंजके फणीत येऊ लागले, बसल्या जागी तिला डुलकी लागायला लागली, तरी सगळे म्हणत, बू तिनी, तब्येत छान दिसतेय हं तुमची, भरलीय. आणि ती बिचारी सुस्कारा टाकून म्हणे, पन्नाशी झाली की असंच व्हायचं.

पण खरं दुखणं कारखान्यात नव्हतं, गाण्यात होतं.

वार्तिनी गावच्या गामेलानची, म्हणजे घंटा-पट्ट्यांच्या वाद्यताफ्याची, गायिका. बुधवारी संध्याकाळी सरपंचांच्या ओसरीवर तालीम असायची. केंदांग, म्हणजे ताफ्याला लय देणारा मृदंग, परमिन वाजवायचा. समिजोकडे पितळी पट्ट्यांचं सारोन, आणि मोठी घंटा म्हाताऱ्या म्बाह कार्सीकडे, म्हणजे कार्सीआजीकडे. आवर्तनाच्या शेवटी एकदा टोला द्यायचा आणि मधल्या वेळात डोळे मिटायचे, एवढंच तिचं काम, आणि ते ती चाळीस वर्षं चोख करत आली होती. वार्तिनीचा आवाज एके काळी असा, की तिने तान घेतली की पलीकडच्या गल्लीतली माणसं चहाचा पेला हातातच धरून उभी राहायची.

मग हळूहळू ती मागे पडायला लागली. आधी अर्धी मात्रा, मग पुरती एक. आवाज जड झाला, जणू जात्यातून येतोय. पहिल्या दिवशी परमिनने तिच्यासाठी एक थाप रोखून धरली. समिजोने त्याच्याकडे पाहिलं आणि तोही थांबला. म्बाह कार्सीने डोळे न उघडता टोला उशिरा दिला. कुणी कुणाला काही बोललं नाही. पुढच्या बुधवारी तीच लय धरून गाणं सुरू झालं, त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी थोडी खाली. दोन वर्षांत अख्खा ताफा म्हशीच्या चालीने चालायला लागला आणि वार्तिनीला वाटत राहिलं, आपण तालातच आहोत.

परमिनला तिचा स्वभाव ठाऊक होता. लोक आपल्याला सांभाळून घेतायत एवढं जरी तिला कळलं, तर ती माईक खाली ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही. कुणाची दया घेऊन गाणाऱ्यांतली ती नव्हे. म्हणून तो मूग गिळून बसला.

आजार सापडला तो असाच, योगायोगाने. आरोग्य केंद्राने गावात रक्त तपासायला गाडी आणली. वार्तिनीची साखर ठीक निघाली, कोलेस्टेरॉल मात्र भलतंच वाढलेलं. तिथली तरुण डॉक्टर निंग हिने वार्तिनीचा हात हातात घेतला, कोरडी कातडी पाहिली, स्वेटर पाहिला, बाहेर तापलेलं ऊन पाहिलं, आणि क्लाटेन शहरातल्या प्रयोगशाळेतून आणखी एक तपासणी करून आणायला सांगितली. थायरॉइडची.

कागद आला त्यात एक आकडा कितीतरी वर गेलेला होता. वार्तिनी म्हणाली, वर गेलाय म्हणजे जास्त काम करतेय ना ती ग्रंथी? डॉक्टर हसली. म्हणाली, उलटं आहे बू. गळ्यातली ही ग्रंथी शरीराची चूल फुंकते. ती मंदावली की मेंदू वरून हाका मारतो, ऊठ, काम कर. ती ऐकत नाही तसा तो आणखी ओरडतो. हा आकडा म्हणजे त्याचं ओरडणं. गोळी घ्या, चूल पेटेल, तो गप्प बसेल. मात्र गोळी रोज, कायमची, आणि सकाळी रिकाम्या पोटी.

वार्तिनी शिस्तीची बाई. एक सकाळ चुकवली नाही. पण दीडदोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं तर मेंदू जवळजवळ तितकाच ओरडत होता. डॉक्टरने गोळीचं पाकीट पाहिलं, तारखा पाहिल्या, मग विचारलं, रिकाम्या पोटीच घेता ना? वार्तिनी दुखावली. म्हणाली, भाताचं शीत पोटात जायच्या आधी घेते. तेव्हा परमिनने, काही वाईट नाही अशा खात्रीने, माहिती पुरवली की पहिल्या कढईचं गरम सोयाबीनचं दूध निघतं ना, त्याचा पहिला पेला, माडाचा गूळ घालून, त्याच्याबरोबर.

डॉक्टरने कपाळाला हात लावला.

वार्तिनीला कळेना यात काय चुकलं. भात खाल्ला नाही म्हणजे माणूस जेवला नाही, हे लहान पोरालाही माहीत आहे. आणि ताहूवाल्यांच्या घरात ते दूध म्हणजे पाणीच. तिच्या आईने तसंच प्यालं, आजीने तसंच. डॉक्टरने समजावलं, की हे सोयाबीनच गोळीला धरून ठेवतं, अंगात नीट जाऊच देत नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, मग तासभर काही नको, कॉफीसुद्धा नको. दूध सोडू नका, पण ते दुपारकडे प्या. परत येताना वार्तिनी सबंध रस्ताभर एकच म्हणत होती, इतके दिवस मी औषध नुसतं दुधात विसळून टाकलं.

मग चूल पेटली.

आधी स्वेटर गेला. मग एका सकाळी परमिन कारखान्यात आला तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि समिजो शिंकत होता. वार्तिनी साचे उचलत होती, कढया घासत होती, गुणगुणत होती आणि समिजोला म्हणत होती, तुझे हात चालतायत की रोवलेयत? समिजो परमिनला पाकदे, म्हणजे काका, म्हणायचा. तो त्याच्या कानाशी कुरकुरला, की पाकदे, मालकीण आजारी होती तेव्हा नोकरी बरी होती हो. दोघं हसले. बऱ्याच दिवसांनी घरात भांड्यांचा आवाज होत होता आणि परमिन तो ओसरीवर बसून ऐकत होता.

पंचाईत झाली बुधवारी.

तिने पहिली ओळ उचलली आणि ती ताफ्याच्या पुढे निघून गेली. थांबली, मागे वळून पाहिलं. पुन्हा उचलली, पुन्हा पुढे. इकडे ताफ्याच्या हाडीमाशी म्हशीची चाल भिनलेली. आणि चट्दिशी लय वाढवायची तरी कशी? वाढवली तर इतके दिवस कमी का होती, हा प्रश्न आलाच. परमिनने ठरवलं, दर बुधवारी चोरून थोडी थोडी वाढवायची, म्हणजे लक्षात येणार नाही. पण गोळी काही बुधवारची वाट बघत नव्हती. तिसऱ्या तालमीला वार्तिनीने माईक खाली घेतला आणि सगळ्यांकडे एकेक करून निरखून पाहिलं. म्बाह कार्सी पेंगत होती. समिजो जांभई देत होता.

वार्तिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा," ती म्हणाली, "तुम्हा सगळ्यांनाच झालंय."

खुलासा करायची ती वेळ होती.  पण समिजो हळूच म्हणाला, की हो, थकवा येतो खरा अधूनमधून.

मग काय विचारता. ताहूच्या टेम्पोत फळकुटं टाकून वार्तिनीने ताफा क्लाटेनला नेला. म्बाह कार्सी लग्नातला जरीकाठी कबाया, म्हणजे लांब बाह्यांची चोळी, घालून आली, तपासायला जायचं तर नीट जावं म्हणून. वाटेत आरोग्य केंद्रावर डॉक्टर निंगने वार्तिनीला सांगून पाहिलं की हा काही साथीचा आजार नाही. वार्तिनीचं उत्तर तयार होतं, एकाच विहिरीचं पाणी, एकाच दुकानाचं मीठ. डॉक्टरने परमिनकडे पाहिलं. परमिन आपल्या चपलांकडे पाहत होता. डॉक्टरही शेवटी इथलीच लेक. एवढंच म्हणाली, की या वयात एकदा तपासून घेतलं तर वाईट काही नाही. सगळ्यांनी मुकाट्याने बाह्या वर केल्या. येताना वार्तिनीने प्रत्येकाला बकसोचा, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्शाचा, गरम वाडगा खायला घातला, आणि परमिनला वाटलं, खोटं वागून इतकं चविष्ट काही आपण आजवर खाल्लेलं नाही.

कागद बुधवारीच आले. सरपंचांच्या ओसरीवर, वाद्यांच्या मध्ये बसून वार्तिनीने ते एकेक करून वाचले. समिजो नॉर्मल. परमिन नॉर्मल. म्बाह कार्सीचं रक्त तर विशीतल्या पोरीचं. म्हातारी खूश झाली, तिने वार्तिनीला कोपराने ढोसून पुन्हा वाचायला लावलं.

वार्तिनी मात्र हसली नाही. तिने कागदांची घडी घातली. सुगीनंतरची बर्सिह देसा, म्हणजे गावशुद्धीची जत्रा, दोन आठवड्यांवर आली होती. गाव झाडून-पुसून निघायचं, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि मग तिचं गाणं, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं.

"म्हणजे तुम्ही सगळे धडधाकट आहात," ती शांतपणे म्हणाली. "आणि तरी माझ्या मागे असे पाय ओढताय. मला कळतं हो, मी काही खुळी नाही. तुम्हाला माझं गाणं नकोय. शेजारच्या गावची कुणी तरुण गाणारी पोरगी हवीय. मग तसं सांगा ना. रक्त कशाला दिलंत?"

समिजो पट्ट्या पुसायला लागला, त्या स्वच्छच होत्या. म्बाह कार्सीने डोळे मिटले, पण झोपली नाही. वार्तिनीने उठून माईकची वायर गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा. परमिनला दिसत होतं की वेढे पुरे झाले की ती निघून जाणार आणि मग ते कधीच सुटणार नाहीत. ज्या गोष्टीची परमिनला दोन वर्षं धास्ती होती ती गप्प राहूनही समोर आलीच होती.

त्याने केंदांगवर तळहात ठेवला. वाजवला नाही.

"बुने," तो म्हणाला. पोरं मोठी होऊन शहरात गेली तरी तो तिला पोरांची आई म्हणूनच हाक मारायचा. "बस खाली."

"कशाला?"

"बस तर."

ती बसली नाही, पण वायर गुंडाळणं थांबलं.

"आम्ही संथ नव्हतो. तू होतीस. दोन वर्षं तू मागे पडत होतीस, आवाजही गेला होता तुझा. तुला एकटीला मागे कसं सोडायचं, म्हणून आम्ही सगळेच मागे राहिलो. आता तू निघालीस पुढे, आणि तुला न कळता जुन्या लयीवर परत कसं यायचं, ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही."